उजेडातले पांढरे कोंब

श्रेयाने बाटली टेबलावर ठेवली. समोर खुर्चीच्या काठावर भागूबाई टेकल्या होत्या. प्रयोगशाळेत थंड हवेचं यंत्र तेवढं घरघरत होतं. बाटलीतल्या काचेसारख्या थरावर गव्हाचे कोंब उभे होते. नाजूक, सरळ, आणि बुडापासून टोकापर्यंत पांढरे.

"आला म्हणायचा माझा सुदर्शन," भागूबाई म्हणाल्या.

श्रेयाने नजर खाली वळवली.

सुदर्शन त्यांचा मुलगा. तो इथंच, श्रेयाच्या शेजारच्या टेबलावर काम करायचा. पिशोरला त्यांच्या शेतात आजोबांपासून चालत आलेला बन्सी गव्हाचा वाण दुसरीकडे कुठंच उरला नव्हता. त्याच्या दुधाळ दाण्यांतले कोवळे गर्भ सुदर्शनने चिमट्याने अलगद काढून बशीत वाढायला ठेवले. त्यांतून पेशींचा पिवळसर गोळा धरू लागला, आणि कन्नडच्या रस्त्यावर अपघातात सुदर्शन गेला. त्या दुःखात कणगीतल्या बियाण्याला ऊन दाखवायचं कुणाला सुचलं नाही. भुंगेऱ्यांनी त्याचा भुगा केला. राहिला तो हा गोळा.

गोळा अंधारात वाढतो. वेळेवर उजेडात आणला, की त्यातून रोपं फुटतात. फार काळ तसाच ठेवला, तर हिरवेपणाची आठवण त्यातून पुसली जाते. श्रेयाला हे पाठ होतं. तरीही महिन्यामागून महिने ती त्याचे तुकडे नव्या बशीत हलवत राहिली, पुन्हा अंधारात ठेवत राहिली. सुदर्शनच्या हातचं एवढंच जिवंत होतं, आणि रोप झालं की ते शेताचं होणार होतं. कपाट उघडताना कधी कधी तिला वाटे, आत कुणीतरी श्वास रोखून बसलं आहे.

भागूबाईंनी थैलीतून गाडगं काढलं. त्यात शेतातली काळी माती होती.

"असं तोंड पाडून काय बसलीस? पांढरं हाय म्हणून? अगं, घटातला गहू नाय का देवघराच्या अंधारात पिवळाफटक येत? दसरा झाला की अंगणात ठेवायचा. चार दिसांत हिरवागार! तुम्हा शहरातल्या पोरींना काय ठावं."

"आमच्याकडंही घट बसतो, मावशी."

"मग?"

"हे अंधारातलं नाही. उजेडातच फुटलंय, दिव्याखाली. तरी पांढरं आहे. बाटलीतल्या साखरेवर जगतंय. मातीत नाही जगणार."

"दुसरं फुटंल की मग."

"सगळी अशीच फुटलीत. मी उशीर केला."

"का गं?"

"हातातून सोडवत नव्हतं."

भागूबाईंनी पदराने बाटलीवरचं धुकं पुसलं, लेकराचं तोंड पुसावं तसं, आणि बाटली एका हातात, गाडगं दुसऱ्या बगलेत घेऊन त्या उठल्या.

"मावशी, झाकण उघडू नका. बंद राहिलं तर अजून काही दिवस राहील."

व्हरांड्याच्या टोकाला दुपारचं ऊन पसरलं होतं. भागूबाई त्या दिशेने चालत होत्या.

"मावशी, ऐकताय ना? उन्हात नका नेऊ, करपेल!"

"किती दिस कोंडायचं त्याला?" मागे न बघता भागूबाई म्हणाल्या. पायरी उतरून त्या उन्हात गेल्या.