एकोणीस ठिपके

प्रयोगशाळेत तिला सगळे घड्याळबाई म्हणत. कुठली नळी किती वाजता आत गेली, हे तिच्याइतकं काटेकोर कोणी लिहीत नसे, आणि त्याचा तोरा ती मिरवायचीही.

म्हणूनच तो बाप मुलीला घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा तिला मान वर करवेना.

"ताई, तुमच्या हाताला गुण आहे," तो म्हणाला. "रिपोर्ट छान आला. सोमवारपासून किरण सुरू करतायत."

मुलगी कॉलेजातली, मानेत कर्करोगाची गाठ. किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो. धडधाकट पेशीला ते लगेच उमगतं. हातातलं काम थांबवून ती तुटल्या जागी दुरुस्तीची प्रथिनं गोळा करते आणि रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली तिथे हिरवा ठिपका दिसतो. मुलीच्या रक्तावर किरण सोडून तासाभराने ठिपके मोजायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा. घटले तर दुरुस्ती झाली. तसेच राहिले, तर अशा माणसाला नेहमीचे किरण देणं म्हणजे जिवाशी खेळ.

पहिल्या तासाची मोजणी तिने केलीच नव्हती. साहेबांच्या निरोपाचा केक कापायचा होता. तिने काच रंगवून फडताळात ठेवली आणि पळाली. पहिल्या तासाला सगळ्यांचेच ठिपके पेशीमागे विसाच्या घरात असतात, हे तिला तोंडपाठ. वीस लिहिलं तर ठोकून दिल्यासारखं दिसेल, म्हणून लबाडीने एकोणीस लिहिलं. दुसऱ्या दिवशी मोजले, तर दोन. दुरुस्ती उत्तम, खाली सही.

"बसा हं," म्हणून ती आत गेली आणि ती जुनी काच काढली. दहा पेशी पाहिल्या, पन्नास पाहिल्या. पेशीमागे जेमतेम एक-दोन ठिपके, बाकी काळोख.

किरण पडलेच नव्हते! किरणांच्या यंत्राचं दार कंबरेने रेटल्याशिवाय नीट बसत नाही आणि दार बसलं नाही तर किरण सुटत नाहीत. इथे सगळ्यांना ते ठाऊक होतं. तिलाही, पण त्या दिवशी दार रेटल्याचं तिला आठवेना. जे तुटलंच नव्हतं, ते सांधलं म्हणून तिने सही ठोकली होती.

'नमुना खराब झाला', एवढं सांगून भागलं असतं. वाक्य जिभेवर तयारही होतं. स्वतःचीच किळस आली तिला.

बाहेर येऊन तिने त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. "सोमवारचे किरण थांबवा. मोजणी मी केली नव्हती. आकडा मनाने लिहिला."

बाप उठून उभा राहिला. "मनाने? अहो, माझी पोर आहे ती!"

"हो," ती म्हणाली. त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग माझ्या पेशी दुरुस्ती करतात की नाही?" मुलीने विचारलं.

"मला माहीत नाही. पुन्हा रक्त घ्यावं लागेल."

मुलीने बाही वर सारली. मग म्हणाली, "या वेळी मोजताना मी शेजारी बसणार."

घड्याळबाईने मान खाली घालूनच दुसरं स्टूल ओढलं.