वीतभर तुकडा

मित्रांनो, आज मी एका शेळीच्या गळ्यात आहे. मी एक जुना दोर आहे. खरे सांगायचे तर एका जुन्या दोराचा तुकडा. माझे बाकीचे तुकडे याच अंगणात आहेत. एकाने गवताची पेंढी बांधली आहे, एक तुतीच्या फांदीला टेकू देतो. पण कधी काळी आम्ही सगळे मिळून एकच होतो, आणि तेव्हा माझ्यावरून माणसे चालत.

मार्गिलान शहराबाहेरच्या अंबाडीच्या शेतात माझा जन्म झाला. सोट पाण्यात भिजत घातले, वाख, म्हणजे सालीचे तंतू, सोलून वाळवला आणि उस्ताद याकूबजान यांनी जवळ उभे राहून मला वळून घेतले. दोर वळण्याची रीत मजेदार आहे. तिन्ही पदर एका दिशेने पिळायचे आणि मग उलट दिशेने एकमेकांभोवती गुंडाळायचे. प्रत्येक पदर सुटायला बघतो आणि सुटता सुटता दुसऱ्याला आणखी घट्ट धरतो. सगळे दोर या भरवशावरच उभे आहेत.

याकूबजानांचे घराणे दोरावरून चालणाऱ्यांचे. सगळे त्यांना बोबो म्हणत, म्हणजे आजोबा. नवरोजच्या सणाला शहराच्या चौकात दोन उंच खांबांना मला ताणून बांधत. चालणारा वर चढण्याआधी तळवे उघडून लोकांकडे दुवा मागे. सारा चौक तळवे उघडून 'ओमिन' म्हणे. कित्येक वर्षे आमची परवानगीही तीच होती आणि विमाही तोच.

बोबोंचा माझ्यावर फार जीव होता. सणाआधी ते दुंब्याच्या, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याच्या, शेपटीची चरबी वितळवून मला चोळत. चालायच्या दोराला कधीही पाते लावायचे नाही, असा घराण्याचा नियम होता. कापलेल्या दोरावर पाय ठेवणे अशुभ मानत.

बोबोंची नात मोहिगुल माझ्यावरून चालू लागली, तेव्हा मला वेगळाच मान मिळाला. चढण्याआधी ती मला या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठ्याने दाबत जाई. कुठे मऊ लागले की पीळ उघडून आत बघे.

"काय डॉक्टरीणबाई, लागली का नाडी?" तिचा बाप अदहाम चिडवायचा.

"लागली बाबा. तुमच्यापेक्षा धडधाकट आहे."

एका हिवाळ्यात मला ठेवत ती खोली गळू लागली. भिंतीकडच्या माझ्या टोकात पाणी मुरले. वसंत आला, बोबोंनी नेहमीसारखी चरबी चोळली आणि ओल आतच कोंडली गेली. बाहेरून मी चकाकत होतो. आत वाख काळा पडत होता. मला ते कळत होते, पण सांगायला तोंड नव्हते.

त्याच वर्षी शहर कचेरीचा नवा नियम आला. चौकात कुठलाही खेळ करायचा तर लेखी परवानगी हवी, परवानगीसाठी विमा हवा आणि विम्यासाठी सामानाची तपासणी. विमा कंपनीची अभियंता फेरुझा घरी आली आणि चहा घेता घेता म्हणाली, "बोबो, दोन्ही टोकांचा वीत वीतभर तुकडा द्या. मशीनमध्ये ओढून तोडू. दोर तुटतो तो गाठीपाशी, म्हणून टोकाचाच हवा."

"पोरी, मी या दोराला पातं लावू? तू काय तुझ्या आजोबांची दाढी कापून तपासायला नेतेस?"

"आमचे आजोबा कुणाला दाढीवरून चालायला लावत नाहीत," ती हसून म्हणाली. "तुकडे पाठवा बोबो. त्याशिवाय माझी सही होणार नाही."

मित्रांनो, मला ती बाई आवडली. मला न विचारता ती माझ्या मनातले बोलली होती.

ती गेल्यावर अदहाम बापाजवळ सरकला. "बाबा, सामान बांधायला नवा दोर आणलाय ना? तोही अंबाडीचाच. त्याचे तुकडे पाठवतो. तुमच्या दोराला पातं लागणार नाही आणि चौकही हातचा जाणार नाही."

बोबोंनी पेल्यातला चहा संपवला. "आपला दोर त्याच्याहून मजबूतच आहे," एवढेच म्हणाले. माझ्या नावाने परके तुकडे गेले. ते कोरे, कोरडे, तरणेबांड होते; मशीनमध्ये उत्तम टिकले. शिक्क्याचा कागद आला.

नवरोजच्या दिवशी मोहिगुल नेहमीसारखी अंगठा पुढे करून माझ्याकडे आली.

"अगं, मशीननं ओढून बघितलाय त्याला," अदहाम म्हणाला. "तुझा अंगठा आता नवीन काय सांगणार? लोक खोळंबलेत, चल."

तिने खांबावर डकवलेल्या कागदाकडे पाहिले. शिक्का पाहिला. हात खाली घेतला. माझ्या काळ्या पडलेल्या टोकापासून ती फार तर दोन पावलांवर होती.

चौक 'ओमिन' म्हणाला. ती अर्ध्याच्या पुढे गेली असेल, तेव्हा गाठीपाशी माझा पहिला पदर गेला. तळपायाला ते कळून ती जागीच थांबली. उरलेल्या दोन पदरांनी मी तिला धरून ठेवायची शिकस्त केली. पण ज्यांनी एकमेकांना घट्ट धरायचे, ते पदरच आतून पीठ झाले होते.

ती वाचली. पण तिच्या मांडीचे हाड नीट जुळले नाही, आणि तिचे चालणे संपले.

फेरुझा पुन्हा आली. तिने माझे तुटके टोक उकलून काळा वाख बोटांत चोळला. "तुम्ही पाठवलेल्या तुकड्यांना चरबीचा वाससुद्धा नव्हता," ती हळू आवाजात म्हणाली. "मला तेव्हाच शंका यायला हवी होती. बोबो, विमा त्या दोराचा होता. हा दोर आमच्या कागदात कुठंच नाही. मोहिगुलला काही मिळणार नाही."

मोहिगुलने खाटेवरून विचारले, "बाबा, मग मशीननं कुणाला ओढलं होतं?"

शेजारी भेटायला आले, तेव्हा अदहाम त्यांना सांगत होता, "दोर दगाबाज निघाला हो. इतकी वर्षं चरबी खाल्ली आणि ऐन वेळी पोरीला टाकलं." बोबो तिथेच बसले होते. मला वाटले, आता ते काही बोलतील. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी अदहामने सुरी आणली आणि मला कापायला घेतले. सुरी नीट चालावी म्हणून माझे दुसरे टोक कुणीतरी ताणून धरायला हवे होते. ते बोबोंनी धरले.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे काही जुने, लाडके असेल आणि त्याच्या भरवशावर कुणी जीव सोपवत असेल, तर त्याला नुसती चरबी चोळू नका. वीतभर कापा, उकला, आत बघा. मला एवढे तुकडे होऊन कळले आहे, म्हणून सांगतो. दोराला कापताना दुखत नाही.