पूजेला लागलेला टेप

देवगाव फाट्यावरून सेलूला जायला एस.टी. होती, पण ती यायची तेव्हा यायची. जीपा मात्र उभ्याच असत, आणि लोक आमच्याच जीपची वाट बघत. माझ्या दिराची, दत्तरावांची, ती जीप. त्यांचा मुलगा चंद्रभान ती चालवायचा. लोक थांबायचे ते चंद्रभानसाठी नाही, त्याच्या टेपासाठी. काचेच्या खालच्या फळीवर त्यानं टेप सुतळीनं बांधून ठेवलेला असायचा आणि पायाशी कॅसेटींचा डबा. एक बाजू संपली की तो एका हातानं कॅसेट काढायचा, उलटी करायचा, पुन्हा घालायचा. दुसरा हात स्टेअरिंगवर. डोळे कॅसेटीवर.

माझी मुलगी रंजना त्याच जीपनं रोज सेलूला कॉलेजला जायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच पोरगी. तिच्यासोबत कडूबाईची प्रतिभा असायची. कडूबाई ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यातली. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत दोन्हीकडच्या गड्यांचं बोलणं तुटल्यासारखं झालं होतं, पण या दोघी एका सीटवर बसून जात आणि एका सीटवर बसून येत. त्यांचं त्यांना काही वाटत नव्हतं.

घटस्थापनेच्या आधी मी परडी, नाडा आणि बोळकी आणायला रंजनाबरोबर निघाले. चंद्रभाननं मला मानानं पुढं बसवलं. शेजारी रंजना बसली. माझी सकाळची माळ राहिली होती, ती पदराखाली धरून मी जप करत होते. पुलाच्या अलीकडं गाणं मध्येच घरघरायला लागलं. चंद्रभाननं कॅसेट ओढली, तर आतली फीत हातभर बाहेर आली. त्यानं फितीचं टोक दातात धरलं आणि करंगळी कॅसेटच्या भोकात घालून गुंडाळायला लागला. स्टेअरिंग त्यानं गुडघ्यानं दाबून धरलं होतं. समोरून गवताच्या भाऱ्यांची बैलगाडी येत होती.

मी म्हटलं, "चंद्रभान, समोर बघ." माझा आवाज जात्याच बारीक. त्याला तो ऐकू गेला नसावा. मग रंजना ओरडली. जीप उजवीकडं गेली, डावीकडं गेली, आणि रस्ता सोडून खाली बाभळीला जाऊन टेकली. गाडीवाल्याचा एक बैल गुडघ्यावर पडला, पण उठला. मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्याचा दात पडला, शेजारच्या प्रतिभाला खरचटलंही नाही. रंजनाचं कपाळ काचेवर आपटून फुटलं होतं आणि तिच्या डोळ्यात रक्त उतरत होतं. मी चंद्रभानकडं बघितलं. त्याच्या दातात फीत तशीच होती.

सेलूच्या डॉक्टरानं टाके घातले. आम्ही परत आलो तोवर ओसरीवर घरची मंडळी जमली होती. आता टेप निघेल, असं मला वाटलं होतं. टेपाचं कुणी नावच काढलं नाही. दत्तराव म्हणाले, देवानं वाचवलं, पण रोज काही देव जागा नसतो. पोरीच्या जातीनं रोज एवढ्या लांब कशाला जायचं? आमचे हे खाली मान घालून बसले होते. ते म्हणाले, बरोबर आहे, सध्या राहू दे, पुढच्या वर्षीचं पुढं बघू.

रंजना आतल्या खोलीत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उठली, पुस्तकं पिशवीतून काढून फळीवर ठेवली आणि भाकरी करायला चुलीपुढं बसली.

मी ओसरीच्या दारात आले आणि म्हटलं, "टेप काढा ना गाडीतून."

आधी कुणाला कळलंच नाही मी काय म्हणते. मग दत्तराव हसले. "वैनी, टेप काढला तर शिटा कशानं येतील? लोक दुसऱ्या जीपला पळतेत."

चंद्रभान म्हणाला, गाणं नसलं की त्याला झोप येते, उलट टेपामुळंच गाडी नीट चालते. मी म्हटलं, झोप येत असेल तर गाडी उभी कर आणि झोप. त्यावर कुणीतरी म्हणालं, एस.टी.त मोठी पाटी असते, चालकाशी बोलू नये. तिथं कोण गप बसतंय? सगळा गाव ड्रायव्हरशी बोलत बोलतच सेलूला पोचतो. मग सगळे हसले. यांनी मला हळूच सांगितलं की तू तुझं देवाधर्माचं बघ, गाडीतलं तुला काय कळतं.

गाडीतलं मला काही कळत नाही, हे खरं. पण एक काम करताना मन दुसरीकडं गेलं की काय होतं, ते रोज माळ ओढणारीला कळतं. जप करताना मी कितीदा चुकते. चुकले की पुन्हा मेरुमण्यापासून माळ धरते. देव रागावत नाही. गाडी चुकली तर पहिला मणी कुठून आणायचा? हे मी तिथं बोलले नाही. बोलले असते तरी त्यांनी कीर्तन सुरू झालं म्हणून टाळ्या वाजवल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी कडूबाई आली. ती आमच्या अंगणात कधी येत नसे. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, मी तिला आत बोलावलं तर नको म्हणाली. "अक्का, तुमच्या पोरीला घरी बसवलं म्हणायलेत. मग माझी एकटी कशी जाईल? आमच्यातबी बोलणारे हायेतच की."

मी तिला म्हटलं, थोडं थांब.

"थांबून काय करू?" ती म्हणाली. "आमी काई नवस बोलत न्हाई. पोरीला शिकवायचं एवढंच आमचं व्रत. ते मोडलं तर दुसरं न्हाई."

 ती गेली.

घट बसले. माझे नवरात्रातले नेम सुरू झाले. अनवाणी चालायचं, एकवेळ फराळ, अखंड दिव्यात तेल, रोज घटाला एक माळ. रंजना माझ्याबरोबर फुलं ओवायची. कॉलेजाचं नाव काढत नव्हती. जीपची बाभळीला लागलेली बाजू ठोकून घेतली, रंग दिला, आणि ती पुन्हा फाट्यावर उभी राहायला लागली. वळणावर आली की गाणं आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. रंजनाचा हात ओवता ओवता थांबायचा आणि पुन्हा चालायला लागायचा.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. ती थोरल्या सुनेनं करायची, ही सासूबाईंपासूनची रीत. ज्याच्या हातानं अक्षता पडल्या त्याच्याच हातानं दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा व्हायची. तोवर पूजेला लागलेली वस्तू जागची हलवायची नाही, तिच्याकडून काम घ्यायचं नाही. शेतकऱ्याच्या घरातही त्या दिवशी कोयता झाडाला लागत नाही. देवघरापुढं पाट मांडला होता. त्यावर कोयते, विळे, कुऱ्हाड, पाभरीचे फण. जीप धुऊन, झेंडूच्या माळा घालून अंगणात उभी होती. मी तिला ओवाळून आत आले आणि पाटापुढं बसले.

तेवढ्यात चंद्रभान टेप घेऊन आला. सुतळी सोडून त्यानं तो पुसून चकचकीत केला होता. कोयत्यांच्या शेजारी पाटावर ठेवत म्हणाला, "मोठी माय, यालाबी कुंकू लावा. माझं हत्यार हेच हाय."

सगळे हसले. मीही टेपाला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, देवाशपथ सांगते. रंजना मागं निरांजन घेऊन उभी होती. कपाळावरचे टाके नुकतेच काढले होते आणि खूण लाल दिसत होती. मी निरांजनासाठी हात मागं केला आणि ती खूण बघितली.

दसऱ्याला सकाळी घट हलवला. मग उत्तरपूजेला बसले. कोयत्यावर अक्षता टाकल्या, दत्तरावांनी तो उचलला. विळे, कुऱ्हाड, फण. बाहेर जाऊन जीपवर अक्षता टाकल्या. आत आले. पाटावर टेप एकटा राहिला होता. चंद्रभान त्याच्यासाठी हात पुढं करूनच बसला होता.

मी अक्षतांची वाटी खाली ठेवली.

"याची राहिली की," चंद्रभान म्हणाला.

मी म्हटलं, "याची आज होणार नाही."

"मग कवा?"

"तू शब्द देशील तेव्हा. टेप वाजवायला माझी ना नाही. गाडी उभी असली की वाजव, फाट्यावर वाजव, सगळ्या गावाला ऐकव. चाक फिरायला लागलं की बंद. हात टेपाला लावायचा नाही. देवापुढं एवढा शब्द दे, आत्ता अक्षता टाकते."

चंद्रभाननं बापाकडं बघितलं. दत्तराव दारातून आत आले. त्यांचा शब्द वाड्यात कुणी ओलांडत नाही. ते म्हणाले, "वैनी, हे देवघर हाय का पोलीस ठाणं?"

मी म्हटलं, "ठाण्यात माझं कोण ऐकणार, भाऊजी? मला एवढीच जागा माहीत आहे."

ते म्हणाले, सणाच्या दिवशी तमाशा नको, धंद्याचा दिवस आहे, आज सगळ्या गाड्यांत गाणी वाजतील आणि आमचीच मुकी जाईल. मी म्हटलं, जाऊ दे मुकी. ते म्हणाले, टेप मी उचलतो. मी बाजूला सरकले आणि पाटापुढची जागा मोकळी केली.

"उचला," मी म्हटलं. "मी हात धरणार नाही. पण पूजेतली वस्तू मोडून नेली, असं मी विचारणाऱ्याला सांगेन. खोटं मला बोलता येत नाही."

ते वाकले, पण हात पुढं गेला नाही. नव्या गाडीचा मालक. गाडीच्या कर्जासाठी त्यांनी शेताचा सातबारा गहाण लावलेला. चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय ती हलत नसे. त्यांनी हात मागं घेतला आणि बायकोला हाक मारली. केशरबाई, माझी धाकटी जाऊ. तिला म्हणाले, तू टाक अक्षता, तूही सूनच आहेस घरची.

केशरबाई माझ्यापेक्षाही कमी बोलणारी. ती स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं आली. तिनं टेपाकडं बघितलं, मग चंद्रभानकडं.

"मी न्हाई टाकणार," ती म्हणाली. "त्या गाडीत त्यांची पोरगी मागं बसती. माझा पोरगा समोर बसतो. आधी कुणाला लागतंय?"

एवढं बोलून ती आत गेली. लग्न होऊन आली तेव्हापासून नवऱ्याला ती नाही म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं. दत्तरावांनीही ऐकलं नसावं. ते जोडे घालून बाहेर गेले. जीप गाण्याशिवाय फाट्यावर गेली.

संध्याकाळी सोनं द्यायला माणसं आली. गावात गोष्ट पसरलीच होती. कुणी आपट्याची पानं देत विचारायचं, टेपाचं दर्शन आहे का? कुणी म्हणायचं, देवाला गाणी आवडली म्हणून ठेवून घेतला. मी सगळ्यांना पान दिलं, सगळ्यांच्या पाया पडले.  झोपायच्या आधी आमचे हे म्हणाले, तू मला खाली बघायला लावलंस. मी म्हटलं, तुम्ही त्या दिवशी ओसरीवर आधीच खाली बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रंजनाची पुस्तकं फळीवरून काढून तिच्या पिशवीत भरली. तिची वेणी घातली. हे दारात आले आणि म्हणाले, हिला कुणी तयार व्हायला सांगितलं?

"मी," मी म्हटलं.

"मला इचारलं न्हाई."

"बसवताना मला कुणी विचारलं होतं?"

ते दारातून हलले नाहीत. मी रंजनाचा हात धरला आणि उभी राहिले. मी त्यांच्या वाटेला कधी आडवी गेले नव्हते, आणि त्या दिवशी तेच माझ्या वाटेत होते. शेवटी ते बाजूला झाले. मागून म्हणाले, काही झालं तर बघ. मी वळून म्हटलं, काही होऊ नये म्हणूनच केलंय.

फाट्यावर कडूबाई प्रतिभाला घेऊन आलेली होती. मला बघून ती जवळ आली. "अक्का, देवाचा असा उपयोग असतो ते माहीत नव्हतं मला," ती म्हणाली आणि हसली. दोघी पोरी जीपमध्ये मागं बसल्या. काही गिऱ्हाइकं टेप नाही म्हणून खाली उतरून पलीकडच्या जीपकडं गेली. चंद्रभाननं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याच्या तोंडावर राग होता. पण त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते.

दिवाळी आली. टेप अजून पाटावरच होता. रोज देवाला वाहून उरलेलं एक फूल मी त्यावर ठेवायचे. पूजेला लागलेली वस्तू ती, तिला उपाशी कसं ठेवायचं? दत्तराव मध्येच येऊन म्हणायचे, वैनी, आता पुरे. मी म्हणायचे, पोराला पाठवा.

एक दिवस पोरगा आला. जोडे बाहेर काढून देवघरापुढं बसला. 

"मोठी माय," तो म्हणाला, "शब्द दिला की पाळावा लागंल."

"म्हणून तर मागते."

"मला न्हाई वाटत माझ्यानं होईल. हात आपोआप जातो."

मी म्हटलं, "खरं बोललास. मग टेप इथंच बरा आहे."

त्यानं टेपाकडं बघितलं. वर फुलं साठली होती, ती त्यानं हातानं बाजूला केली नाहीत. पाटाला डोकं टेकवलं, उठला आणि फाट्यावर उभी असलेली गाडी काढायला गेला. मागच्या सीटवर पोरी बसलेल्या होत्या.