दुसऱ्याची पकड

शाळेच्या कार्यशाळेत निदेशकांनी एक नियम घालून दिला होता: ज्याने व्हाइस, म्हणजे लोखंड पकडायचा शिकंजा, आवळला, त्यानेच तो सैल करायचा. दुसऱ्याने दांड्याला हात लावला, की अर्धवट कापलेलं लोखंड निसटून कुणाच्या तरी पायावर पडे. निदेशक निवृत्त झाले. नियम भिंतीवर राहिला, आणि घरी मुलीच्या मुलाला तोंडपाठ झाला.

त्याच व्हाइसच्या जबड्यांत मोठ्या मुलांनी एका नव्या मुलाची बोटं धरली. म्हणे, स्वागत! त्यांच्यातल्या दांडगोबाने दांडा फिरवला, पोरगं किंचाळलं, तसा तो घाबरून पळाला. बाकीचे लांबून हसत होते; निदेशकांचा नातू मात्र व्हाइसशेजारीच उभा होता. शिपाई धावत येईपर्यंत दोन बोटं निकामी झाली होती.

नातवाचा बचाव एकच होता: दुसऱ्याचा दांडा मी कसा सोडवू? शाळेच्या समितीने निदेशकांना साक्षीला बोलावलं. नियमाला अपवाद नव्हता एवढं ते म्हणाले असते, तर नातू ताकीद घेऊन सुटला असता. नाहीतर दांडगोबाबरोबर त्यालाही बालन्यायालयाची पायरी चढावी लागणार होती.

आदल्या दिवशी जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, एकच वाक्य बोलायचंय. नियम तुमचाच ना?"

"माझाच."

"मग झालं तर. त्याने पाळला."

निदेशक नातवाकडे वळले. "तो ओरडत होता, तेव्हा तुला नियम आठवला?"

नातू भाताचं शीत बोटाने ताटभर फिरवत राहिला. "नंतर आठवला."

"आणि तेव्हा?"

"सगळे हसत होते. मीपण हसलो, आजोबा. सोडवलं असतं, तर उद्या माझी बोटं."

"गप्प बस!" मुलगी कडाडली. मग वडिलांना म्हणाली, "पोरं म्हटली की चुकायचीच. जन्मभराचा शिक्का मारणार त्याच्या कपाळावर?"

"त्या पोराच्या हातावर बसलाच आहे."

"तुमचं ते सरळ रेघ मारणं! एकदा तरी घराला वळसा घालून जाऊ दे ती रेघ."

समितीपुढे निदेशक उभे राहिले. "नियम लोखंडासाठी होता. नातवाने तो पाळला नाही; तो भ्याला. दोघांनाही न्यायालयापुढे जाऊ द्या. शाळेतून मात्र काढू नका. तो हात त्यांना रोज दिसला पाहिजे."

हे वाक्य त्यांनी रात्रभर घासूनपुसून तयार केलं होतं.

जखमी मुलाची आई शिवणकाम करी. ती खुर्चीतून उठलीही नाही. "आणि माझ्या पोराने रोज ह्यांची तोंडं बघायची? ह्यांना शिकवायला माझ्या पोराचा हात वापरणार, सर?"

निदेशकांनी मापं पुन्हा पुन्हा घेतली होती. ह्या बाजूने माप एकदाही घेतलं नव्हतं.

"बाई, चुकलं माझं," ते म्हणाले. "काढा दोघांना."

फाटकापाशी मुलगी न थांबता पुढे निघून गेली. नातू मागे रेंगाळला होता.

"आजोबा, न्यायालयात याल ना माझ्याबरोबर?"

"येईन."

"काय सांगू मी?"

"ताटावर बसून जे सांगितलंस, तेच."

"हसलो, तेपण?"

निदेशकांनी त्याच्या दप्तराचा घसरलेला पट्टा खांद्यावर नीट बसवला.

"ते आधी."