आत्याचं पार्सल

आमचं पोस्ट बंद करायचं ठरलं तेव्हा युनियनच्या अध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटली, घोषणा दिल्या, घसा बसवून घेतला. वरचे ढिम्म हलले नाहीत. मग कुणीतरी नियमांचं पुस्तक उघडलं. खिडकीवरच्या गिऱ्हाइकाचं काम संपेपर्यंत पोस्ट बंद करता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

"न संपणारं गिऱ्हाईक हवं," अध्यक्ष बसक्या आवाजात म्हणाले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या आत्याची ख्याती गावभर आहे.

आईवडिलांमागे आत्यानेच मला वाढवलं. घरात आम्ही दोघंच. पोस्ट गेलं की माझी बदली कुठेतरी लांब होणार आणि ती एकटी पडणार, म्हणून तिने आढेवेढे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कापडात शिवलेलं पार्सल घेऊन ती खिडकीवर हजर.

"पत्ता?" मी विचारलं.

"आठवतेय," आत्या म्हणाली.

ती कित्येक आठवडे आठवतच होती. खिडकी बंद होईना, म्हणून आम्ही तिचा पलंगच तिथे आणून टाकला. झोपेतही तिचा एक हात खिडकीच्या आत असे; हात आत म्हणजे गिऱ्हाईक खिडकीवर, असं अध्यक्षांचं मत. आंघोळीला जाताना ती हाताच्या जागी चष्मा ठेवून जायची. पोस्टमन तिची भाजी निवडत, आणि ती त्यांना शर्टाची बटणं लावायला सांगे.

शेवटी बंदचा हुकूम घेऊन मोठे साहेब स्वतः आले आणि तडक खिडकीशी गेले.

"रांगेत उभे राहा," आत्या म्हणाली.

"बाई, मी मोठा साहेब आहे."

"मग मागूनही दिसाल."

साहेब जन्मभर नियमाने वागलेले. उभे राहिले. आधी चिडले, मग तिच्या डब्यातलं जेवू लागले, आणि एके दुपारी बायकोचा फोन आल्यावर हुंदका देऊन म्हणाले, "ठीक आहे. पोस्ट राहील. पण मला हात हलवत परत जाता येणार नाही. कुणाला तरी शिक्षा दाखवावी लागेल. तुमच्या भाच्याची बदली करतो. डोंगरापलीकडे."

अध्यक्ष, ज्यांचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जायचा, ते बुटांकडे पाहत राहिले.

"बाकीच्यांच्या नोकऱ्या?" आत्याने विचारलं.

"राहतील."

आत्याने पोस्टमनकडे पाहिलं, निवडून ठेवलेल्या भाजीकडे पाहिलं, आणि खिडकीतून हात काढून घेतला. मला रडू आलं. त्याहून जास्त राग आला, तिचा, साहेबांचा, त्या पुस्तकाचा.

"पत्ता आठवला," ती म्हणाली. "तुझ्या नव्या पोस्टाचा काय तो सांग."

मी साहेबांना विचारून सांगितला. पार्सलवर माझं नाव आधीच लिहिलेलं होतं, उलट्या बाजूला. खाली तिने सावकाश पत्ता लिहिला.

"काय आहे यात?"

"स्वेटर. तुला कुठेही पाठवलं असतं तरी थंडी वाजलीच असती."

"अगं, मग मीच नेतो ना बरोबर."

आत्या भडकली. "मग पोस्ट कशाला वाचवलं रे आम्ही? वजन कर. साहेब खोळंबलेत."