तपासणी होईपर्यंत

मेघा उभी राहिली तेव्हा तिच्या बाबांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनीच केस बिघडली, असं आमचा अमोल वकील आजही म्हणतो. मला ते पटत नाही. बापानं टाळ्या वाजवल्या नसत्या, तरी समोर बसलेल्या तीन डॉक्टरांना डोळे होतेच की.

पण आधीचं सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, लेक उभी राहिली तर या बाईला रडायला काय झालं?

मेघा आमची एकुलती एक. साथीच्या दुसऱ्या वर्षी ती बी.एस्सी.ला होती. मनीषनगरात आमच्या घराजवळ लसीकरणाचं केंद्र उघडलं होतं, तिथे आम्ही तिघांनीही लस घेतली. मला आणि तिच्या बाबांना एक दिवस ताप आला, बस. मेघाच्या पायांना मात्र पंधरवड्यानं मुंग्या यायला लागल्या. मग पाय गेले, मग हात, मग श्वास. ती व्हेंटिलेटरवरून परत आली. हात बऱ्यापैकी परत आले, पाय नाही आले. डॉक्टर म्हणाले, लाखात एखाद्याचं शरीर असं आपल्याच नसांवर उलटतं. त्या लाखांतली एक आमची निघाली.

यावर लोक मला दोन गोष्टी शिकवायला येतात. काही म्हणतात, लस म्हणजे विषच होतं. त्यांना मी दारातूनच वाटेला लावते. माझा सख्खा भाऊ लस यायच्या आधी गेला, आणि ती वेळेवर मिळाली असती तर आज तो माझ्या दिवाणावर बसून चहा पीत असता असं मला वाटतं. दुसरे म्हणतात, लसीनं असं काही होतच नाही, तुमच्या मुलीला आधीपासूनच काही असेल. त्यांना तर मी पाणीही विचारत नाही. जन्मभर पारशिवनीच्या शाळेत पोरांना शिकवलं, आता म्हाताऱ्यांना शिकवायची ताकद माझ्यात नाही.

सरकारनं आमच्यासारख्यांसाठी भरपाईची योजना काढली तोवर चार वर्षं उलटली होती. अमोल हा माझ्या चुलत जावेचा मुलगा, जिल्हा कोर्टात वकिली करतो. त्यानंच अर्ज केला. आजार लसीमुळे झाला की नाही हे ठरवणारी समिती वेगळी होती. इस्पितळातल्या एका भल्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच वर सगळं रीतसर कळवून ठेवलं होतं, म्हणून ती पायरी आम्ही चढलो. उरली एकच. मेघाचं अपंगत्व कायमचं की तात्पुरतं, हे डॉक्टरांचं मंडळ तिला तपासून ठरवणार होतं. कायमचं ठरलं तर तिला जन्मभर दरमहा रक्कम आणि सांभाळायला माणूस ठेवण्याचा खर्च. तात्पुरतं ठरलं तर एकदाच काहीतरी हातावर टेकवायचं आणि फाइल बंद.

अशा वेळी ‘आम्हाला पैशाचा मोह नाही’ असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. मला हवे होते ते पैसे. मेघाला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून न्हाणीत न्यायला दोन माणसं लागतात. ती दोन माणसं म्हणजे आम्ही. माझी कंबर कधीचीच गेलेली, तिच्या बाबांना हृदयविकाराचा एक झटका येऊन गेलेला. आम्ही दोघं मेल्यावर माझ्या लेकीला कोण उचलणार? हा प्रश्न घेऊन मी झोपायचे आणि हाच घेऊन उठायचे.

मेघाचे बाबा, संघपाल, रेल्वेतून निवृत्त झाले. बोलणं कमी, हट्ट जास्त. रितिका नावाची व्यायाम शिकवणारी मुलगी दर रविवारी यायची, बाकीचे दिवस हे. सकाळी कूलरमध्ये पाणी भरून झालं की मेघाची खुर्ची खिडकीशी न्यायचे. तिनं गज धरायचे, यांनी मागून कंबर धरायची आणि तिला उभी करायची.

“गुडघा सरळ ठेव वं बाई. खाली पाहू नको, बाहेर पाह्य.”

“पाहूनच राहिली ना बाबा.”

चार वर्षं हे चाललं. गज सोडून ती कधी क्षणभरही उभी राहिली नव्हती. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, या माणसाला वेड लागलंय. पण त्याला थांबवायची माझी छाती झाली नाही.

मंडळापुढे जायच्या आदल्या संध्याकाळी अमोल घरी आला.

“काकू, घरी राह्यते तशीच आणा तिले. नवीन कपडे नको, वेणीफणी नको. उठता येते का इचारलं त नाही म्हणायचं. तेवढंच.”

“खरंच नाही येत तिले,” मी म्हटलं.

“मंग त सोपंच आहे ना.”

सोपं कसलं! सकाळी उठून पाहते तर हे मेघाच्या पांढऱ्या ड्रेसला इस्त्री करत बसलेले. माझे सासरे दगडाच्या खाणीत मजुरी करायचे, पण सरकारी ऑफिसात जायचं तर इस्त्रीच्या सदऱ्याशिवाय गेले नाहीत. “मान खाली घालून सायबापुढं उभं राहाचे दिवस आपण सोडून आलो,” असं ते म्हणायचे. ते यांच्या हाडीमाशी मुरलेलं. आणि खरं सांगायचं तर मेघाची वेणी मीच घातली. चार माणसांत लेकीला झिपऱ्या घेऊन न्यायचं कसं, तुम्हीच सांगा.

सिव्हिल लाइन्समधल्या त्या खोलीत तीन डॉक्टर होते. एक वयस्क, एक बाई, आणि एक तरुण मुलगा, जेमतेम तिशीचा. त्यांनी हातोडीनं गुडघे ठोकले, टाचण्या टोचल्या, फाइल चाळली. सगळं आमच्या बाजूनं चाललं होतं. मग तो तरुण डॉक्टर तिच्यापुढे वाकला आणि फार गोड आवाजात म्हणाला, “उभं राहायचा प्रयत्न करशील का? नाही जमलं तर राहू दे.”

चार वर्षांत जवळपास तिच्या वयाचा कुणी मुलगा तिच्याशी असं बोलला नव्हता. मेघानं माझ्याकडे पाहिलं नाही, अमोलकडे पाहिलं नाही. म्हणाली, “करते सर.”

तिनं टेबलाची कड धरली. थरथरत वर आली. आणि मग तिनं हात सोडला. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला कोलमडली, त्या डॉक्टरनं तिला सावरलं.

तेव्हा हे टाळ्या वाजवायला लागले. भर ऑफिसात, एवढा अबोल माणूस, गालावरून पाणी वाहतंय आणि टाळ्या वाजवतोय. “चालली! माही लेक चालली!” मीही रडत होते. मंडळातल्या डॉक्टरीणबाईसुद्धा “शाब्बास बेटा” म्हणाल्या. लग्नात, लेक झाली तेव्हा, नोकरी लागली तेव्हा, कधीच मी इतकी सुखात नव्हते. मग माझं लक्ष दाराशी उभ्या असलेल्या अमोलकडे गेलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते. आणि टेबलामागचे ते वयस्क डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते.

निकाल आला: सुधारणा होत आहे, अपंगत्व तात्पुरते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अमोल चिडला होता, पण मोठ्यांपुढे आवाज चढवणारा तो नाही. “अपील करू काकाजी. दुसरं मंडळ बसन, पुन्हा तपासन. पण तोवर...”

“तोवर काय?” यांनी विचारलं.

“तोवर तिले जास्त चालवू नका जी.”

“म्हणजे खोटं बोलायचं?” माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

“खोटं काहून, काकू? दोन पावलं चालली ते. त्या दोन पावलांवर ते न्हाणीत जाऊन राहिली का? जेवाचं ताट घेऊन राहिली का? पण कागदावर आता ते चालते. कागदाले काय समजते?”

पोराचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी कूलरमध्ये पाणी भरलं आणि पेपर घेऊन बसले. मेघा स्वतःच खुर्ची ढकलत खिडकीशी गेली होती. तिची उमेद काय वर्णावी, दोन पावलं टाकून आलेली पोर ती!

“बाबा, या ना.”

“आज नको.”

“काहून?”

“आज नको म्हटलं ना.”

त्याच्या दुसऱ्या दिवशीही नको, तिसऱ्या दिवशीही नको. आठवडाभरानं तिनं हाक मारायचं सोडलं. मी मध्ये पडू शकले असते. पडले नाही, कारण माझ्या डोक्यातला तो प्रश्न यांच्याही डोक्यात होता, हे मला ठाऊक होतं.

रितिकाला मी फोन करून सांगितलं की तपासणी होईपर्यंत येऊ नको. ती तरीही आली. तिनं मेघाचे गुडघे हातानं हलवून पाहिले आणि मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. “काकू, सांधे आखडून राहिले हो.”

“तारीख जवळच आहे. झाली की लगेच सुरू करू.”

“आणि तोवर आखडले तर? मग मी येऊन काय करू?”

मी पुन्हा तारीखच सांगितली. ती स्कूटी सुरू करून निघून गेली, वळून पाहिलं नाही.

सरकारी काम आणि सहा महिने थांब. एकदा मंडळातल्या डॉक्टरांची बदली झाली, एकदा निवडणूक आली, एकदा तर आम्ही मेघाला ऑटोत घालून तिथवर नेली आणि शिपाई म्हणाला, आज बैठक नाही. पावसाळा गेला, थंडी आली, संत्र्यांचे ढीग लागले. खिडकीजवळ आता धुतलेले कपडे वाळत पडायचे.

एका दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत होते. पोटऱ्या माझ्या मुठीत मावायला लागल्या होत्या. ती म्हणाली, “आई, मी बरी झाली त तुमचं नुकसान होते का वं?”

मी ओरडले तिच्यावर. काय वाट्टेल ते बोलले. कुणासाठी चाललंय हे सगळं, आमच्यासाठी का, असं कायकाय. मग मी तेलाची वाटी घेऊन स्वयंपाकघरात आले आणि नळ मोठा सोडून रडले. लेकीनं खरं विचारलं होतं म्हणून मला राग आला होता, दुसरं काही नाही.

शेवटी बैठक झाली. नवे डॉक्टर, नवी खोली. या वेळी कुणी इस्त्री केली नव्हती. त्यांनी तिला उभं राहायला सांगितलं. नाटक कर असं तिला आम्ही सांगितलं नव्हतं, आणि तिनं ते केलंही नाही. माझ्या लेकीला मी ओळखते. तिनं दात आवळून खरोखर जोर लावला, मानेच्या शिरा तटतटल्या. गुडघे सरळ झालेच नाहीत. ती खुर्चीच्या वर एक वीतभर आली आणि परत बसली. पुन्हा प्रयत्न करते म्हणाली. डॉक्टर म्हणाले, नको, झालं.

बाहेर आल्यावर अमोलनं यांचा हात दाबला. “काम झालं, काकाजी.”

आणि झालंच. अपंगत्व कायमचं, दरमहा रक्कम, माणसाचा खर्च, सगळं मंजूर. अमोल संत्रा बर्फी घेऊन आला. त्यानं मेघाला मोबाइलवर आदेश वाचायला दिला. तिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि फोन परत केला. मला हायसं वाटलं, हे मी नाकारणार नाही. त्या रात्री कित्येक वर्षांनी मला गाढ झोप लागली.

सकाळी जाग आली ती सामान सरकवल्याच्या आवाजानं. यांनी खिडकीजवळचे कपडे उचलले होते, गज ओल्या फडक्यानं पुसले होते. मेघाच्या खुर्चीपुढे वाकून दोन्ही हात पुढे केले होते.

“चल वं बाई. आता कोणाची भीती नाही. गुडघे मोकळे व्हायले वेळ लागन, पण होतीन.”

मेघा त्यांच्या हातांकडे पाहत होती.

“बाबा, तुमी आदेश पुरा नाही वाचला.”

“काय राह्यलं?”

“दरवर्षी तपासणी आहे. चालताना दिसली त बंद होईन.”

“होऊ दे बंद!”

“मंग तुमी दोघं गेल्यावर मले कोण उचलन?”

हे मी तिच्यासमोर कधी बोलले नव्हते. यांचे हात तसेच पुढे राहिले. मेघानं ते धरले, पण उठण्यासाठी नाही. हळूच खाली केले, म्हाताऱ्या माणसाला बसवतात तसे. “राहू द्या बाबा,” म्हणाली.

मी दारात उभी होते. ऊठ म्हण, असं माझा जीव मला सांगत होता. शाळेत आयुष्यभर पोरांना ‘उभे राहा’ म्हणत आले, आवाज माझा अजून तसाच खणखणीत आहे. एका शब्दाचं काम होतं. मी तो शब्द काढला नाही. चहा ठेवायला आत गेले.