वजनकाट्याचं भाडं

मी एक वजनकाटा बोलतोय. वाण्याच्या दुकानातला नव्हे, आणि भंगारवाल्याच्या खांद्यावरचा तर मुळीच नव्हे. प्रवासाला निघालेल्या बॅगा तोलणारा, पिशवीच्या कोपऱ्यात मावणारा काटा. वर धरायला मूठ, मध्ये गोल तबकडी, तिच्यावर लाल सुई आणि खाली पोलादी आकडा. आकडा बॅगेच्या हँडलला अडकवायचा, गाल फुगवून बॅग उचलायची आणि सुई कुठे थांबते ते बघायचं. एवढंच माझं काम. सध्या तेही बंद आहे. एका कुलूपबंद घरात दाराशेजारच्या खिळ्याला मी लटकलो आहे, आणि ज्या माझ्याशी बोलायच्या त्या मावशी घरात नाहीत, म्हणून तुमच्याशी बोलतोय.

माझा जन्म पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे एक चष्मेवाला तपासनीस दहा किलोचं वजन अडकवून प्रत्येकाची सुई बघायचा. माझी पाळी आली आणि नेमकी त्याला शिंक आली. माझी सुई साडेदहावर थांबलेली त्यानं पाहिलीच नाही. मी पास झालो. तेव्हापासून मी सगळ्या जगाला अर्धा किलो जास्त दाखवत आलोय.

मावशींनी मला विकत घेतलं ते त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात. टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीमागे त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. हाताला वजनाची इतकी सवय, की पहिल्याच दिवशी त्यांनी माझी लबाडी पकडली. साखरेची पुडी अडकवून म्हणाल्या, "अर्धा किलो जास्त दाखवतोस की रे! असू दे. लोक तेवढंच कमी भरतील." मला दुकानात परत केलं नाही. त्यांचा हा उपकार मी विसरलेलो नाही.

त्या खिडकीतून त्यांनी एका दूरच्या देशाला हजारो पार्सलं पाठवली होती. तो देश इतका लांब, की आपण रात्रीचं जेवायला बसतो तेव्हा तिथले लोक तोंड धूत असतात. आणि इतका मोठा, की एका टोकाला लोक स्वेटरवर स्वेटर चढवतात त्याच दिवशी दुसऱ्या टोकाला पंखा पुरत नाही. पत्त्यांवरून मावशींना तिथली गावं तोंडपाठ झाली होती. निवृत्त झाल्यावर तो देश बघायचाच, असं त्यांनी ठरवलं होतं. लग्न केलेलं नव्हतं, घरात अडवणारं कुणी नव्हतं. मला आणलं ते त्याच प्रवासासाठी.

पण एकतीस वर्षांत त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. परत आलेली पार्सलं. पत्ता अर्धवट, सुतळी सैल, कागद फाटका, आणि वर 'परत' असा शिक्का. नीट बांधलं नाही की परत येतं, हे त्यांच्या हाडीमासी खिळलं होतं. त्यामुळे निघायच्या आधी आपल्याला सगळं माहीत हवं, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं. तिकीट काढायला जायच्या आणि चौकशी करून परत यायच्या.

अशात तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले.

"मावशी, बॅग तोलायचा काटा आहे ना तुमच्याकडे? पंधरा दिवसांसाठी द्याल? आम्ही निघालोय तिकडे. येतानाही लागेल."

"न्या की. पण भाडं पडेल."

"किती?" डॉक्टरांनी खिशात हात घातला.

"पैसे नकोत. एक चूक हवी. तिकडे जी कराल ती परत आल्यावर मला येऊन सांगायची. खरीखुरी. मोठी असली तर फारच छान."

डॉक्टर हसले, पण परत आल्यावर मुकाट्यानं खुर्चीत बसले. "दहा दिवसांत सात गावं केली, मावशी. देश कसला बघतोय? बॅग उघडतोय आणि बॅग बंद करतोय. मला आता फक्त स्टेशनं आठवतात." मावशींनी एक पातळशी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं : नकाशावर एक बोट अंतर म्हणजे प्रवासाचा एक दिवस धरावा. दहा दिवसांत तीन गावं. चौथं कितीही सुंदर असलं तरी नाही.

मग काय, इमारतीत बातमी पसरली. निघण्याआधी मावशींकडे यायचं, सल्ला घ्यायचा, मला न्यायचं, आणि परत येताना भाडं घेऊन यायचं. भाडं देताना लोक पहिल्यांदा मारे ऐटीत सांगत, "आमचं काही चुकलं नाही हो." मावशी चहाचं आधण ठेवत. कपबशी हातात येईपर्यंत चूक बाहेर पडलेली असे.

तुम्हीही त्या देशाला निघणार असाल तर ऐकून ठेवा, फुकट सांगतोय. एका शिंपीणबाईंनी खास प्रवासासाठी नवेकोरे बूट घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून हॉटेलच्या स्लीपर घालून राजवाडे पाहिले. नवे बूट पंधरा दिवस घरात घालून फिरायचं, भांडी घासतानासुद्धा. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत ठेवल्या, आणि ती बॅग दुसऱ्याच गावी उतरली. गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, कागदपत्रांच्या नकला आणि एक उबदार कपडा हातातल्या पिशवीत. बॅगेच्या बाहेर पत्ता तर लिहालच, आतही एक लिहून ठेवा, बाहेरचा फाटतो. हे शेवटचं मावशींचं स्वतःचं, टपाल कचेरीतलं.

एका ट्रकचालकानं निघण्याआधी तिथल्या भाषेत 'आभारी आहे' पाठ केलं होतं. आठ दिवस सगळ्यांना तेच ऐकवलं. नवव्या दिवशी कुणीतरी सांगितलं, की चार दिवसांपूर्वीच भाषा बदललीय, आता हा शब्द इथे कुणी वापरत नाही. त्या देशात भाषा बऱ्याच आहेत. गाव बदललं की आभार मानायला नव्यानं शिकायचं.

आणि एक मायलेकी आल्या होत्या. त्यांच्या भाड्याच्या वेळी कुणी हसलं नाही. बाजारात टोपल्या विकणाऱ्या एका म्हातारीचा लेकीनं न विचारता फोटो काढला. म्हातारीनं पाठ फिरवली आणि मायलेकी जाईपर्यंत तशीच बसून राहिली. "त्या फोटोत फक्त तिची पाठ आहे," लेक म्हणाली. मावशींनी लिहिलं : आधी हसावं, मग बोलावं, मग विचारावं. नाही म्हणाली तर फोटो राहू द्यावा, बोलणं चालू ठेवावं.

तुम्ही म्हणाल, याची तर चैन होती, फुकटात परदेशवाऱ्या. सात वेळा गेलो खरा. पण बघितल्या सात खोल्या. लोक मला मोज्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी कोंबत आणि काढत ते परतीच्या दिवशी. मग तेच ते. नवरा बायकोच्या चपला बाहेर काढणार, बायको त्याची तिसरी पँट. दोघं बॅगेवर बसणार. सुई सव्वीसवर गेली की दोष माझा, तेविसावर आली की हुशारी त्यांची. पलीकडे खिडकी असायची, खिडकीपलीकडे अख्खा देश असायचा, आणि मी पुन्हा मोज्यात. मला फार एकटं वाटायचं. मनात एकच इच्छा होती, एकदा मावशींच्या बॅगेतून यायचं. त्यांनी मला मोज्यात ठेवलं नसतं. खिडकीत ठेवलं असतं, याची मला खात्री होती.

पण मावशी निघेचनात. इमारतीत सगळे धरून चालले होते की त्या दोन-तीनदा तरी जाऊन आल्यात. एवढं बारीकसारीक सांगतात म्हणजे काय! मावशींनी तसं कधी म्हटलं नाही आणि कुणाला कधी दुरुस्तही केलं नाही. दर वर्षी बॅग काढायच्या, पुसायच्या आणि मला म्हणायच्या, "यंदा नको रे. वही अजून भरली नाही. अजून किती चुका आपल्याला ठाऊक नसतील, कोण जाणे." बॅग पुन्हा पलंगाखाली जायची.

पुढे लोकांचं येणंच थांबलं. सल्ला फोनवर मिळू लागला, आकडे चमकवणारे नवे काटे घरोघरी आले. मावशी चारच्या सुमाराला दोन कप घासूनपुसून ठेवत आणि एकातच चहा पीत. घंटा वाजली तर दूधवाला. वहीवर धूळ साचली. मीही गंजायला लागलो. माझ्या आकड्याला कुणाचा हात लागेना. दोन वर्षं गेली अशी. त्या घरात आम्ही दोघंच होतो आणि आमच्यात बोलता येणारं एकच होतं, तेही हळूहळू गप्प झालं.

मग तळमजल्यावर एक नर्स राहायला आली. तरुण, तोंडाची फटकळ. तिचा भाऊ त्या देशात नोकरीला होता. कुणीतरी सांगितलं म्हणून आली, सल्ला घेतला, मला घेऊन गेली आणि तीन आठवड्यांनी भाडं द्यायला हजर.

"माझी चूक सांगू? दर तासाचं वेळापत्रक केलं होतं. एक दिवस ताप आला, सगळं बोंबललं. हॉटेलच्या जिन्यात बसले होते, तर कपडे धुणारी बाई शेजारी येऊन बसली. ना तिची भाषा मला येत, ना माझी तिला. दोन तास गप्पा मारल्या! मावशी, तेवढाच दिवस लक्षात आहे. एखादा दिवस मोकळा ठेवायला हवा होता."

मावशींनी लिहून घेतलं. नर्स वही चाळू लागली. चाळता चाळता थांबली.

"यात तुमची कुठली?"

"माझी?"

"म्हणजे तुम्ही काय चुकलात तिकडे? सगळ्यांच्या चुका आहेत, तुमचं पान सापडेना."

मावशींनी कप खाली ठेवला. बशीत जरासा चहा सांडला. "मी गेलेच नाही गं," त्या म्हणाल्या.

नर्सला आधी थट्टाच वाटली. मग तिनं मावशींच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, ही फटकळ पोरगी आता काहीतरी बोलणार. पण तिनं वही मिटली, मावशींच्या मांडीवर ठेवली आणि नुसतं म्हणाली, "शेवटची चार पानं कोरी आहेत अजून." आणि ड्यूटीला उशीर होतो म्हणून उठून गेली.

मावशी बराच वेळ ती पानं उलटत बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिकीट काढून आल्या.

त्यांनी बॅग भरली ती पार्सल बांधल्यासारखी, कुठे बोटभर पोकळी नाही. आत पत्ता, बाहेर पत्ता. जुने बूट. माझा आकडा हँडलला अडकवला आणि उचलली. साडेअकरा. "म्हणजे अकरा," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्यांच्या बॅगेचं वजन मी पहिल्यांदा घेत होतो. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडत होतं, आणि मी मनातल्या मनात केव्हाच खिडकीत जाऊन बसलो होतो.

वही त्यांनी बॅगेत ठेवली. काढली. पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. शेवटी ती टेबलावर ठेवून मला म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या चुका सांभाळत बसले तर माझ्या कधी करू?" मग मला हातात घेतलं, तबकडी पदरानं पुसली आणि खिळ्याला अडकवलं. "तूही राहा. येताना किती भरलंय ते तिथे गेल्यावर बघू. येते हं मी."

दार ओढून घेतल्याचा आवाज आला आणि कुलूप लागलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? फार वाईट वाटलं. सात परक्यांच्या बॅगांतून गेलो आणि ज्यांची वाट पाहिली त्यांच्याच बॅगेतून गेलो नाही.

मावशींना जाऊन आता सोळा दिवस झालेत. नर्स झाडांना पाणी घालायला यायची. परवा ती इथे असतानाच मावशींचा फोन आला. तिनं आवाज मोठा केला. पलीकडे माणसांचा गलका होता, कुठलीतरी घंटा वाजत होती आणि मावशी हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं खदखदून हसताना ऐकलं नव्हतं. "अगं, ऐक ना, मी काय घोळ घालून ठेवलाय माहितीये? मी त्या गाडीत..." आणि फोन तुटला. नर्सनं तीनदा लावून पाहिला. लागला नाही.

काल ती पुन्हा आली ती निरोप घ्यायला. तिची दुसऱ्या गावी बदली झालीय, उद्या निघणार. किल्ली पहारेकऱ्याकडे देऊन जाते म्हणाली. झाडांना दुप्पट पाणी घातलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेली. तिच्याही बॅगा निघाल्याच असतील, पण तोलायच्या नसतील.

मावशी रविवारी दुपारी येतील. किल्ली घेतील, बॅग ओढत जिना चढतील, दार उघडतील. पोटात एक चूक असेल, एकाहून जास्तही असतील, आणि घरात ऐकायला कुणी नसेल. त्यांनी इतक्या जणांना खुर्ची दिली, इतक्या जणांसाठी चहा टाकला. त्यांना विचारणारं एक माणूस नाही. मी विचारलं असतं, पण मला तोंड नाही, सुई आहे.

म्हणून तुम्हाला विनंती. रविवारी तुम्ही या बाजूला आलात, तर दुसऱ्या मजल्यावरच्या डाव्या दाराची घंटा वाजवा. मावशी दमलेल्या असतील, तरी दार उघडतील. त्यांना एवढंच म्हणा, "मावशी, भाडं द्या. काय चुकलं तिकडे?" मग खुर्चीत बसा आणि घाई करू नका. चहा त्या दिवशी तुम्हीच टाका, दोन कप घासून ठेवलेले आहेत. त्यांना पहिल्यापासून सगळं सांगू द्या, गाडीचंही. मी दाराशेजारीच आहे, मलाही ऐकू येईल.